टाकळा कीं कासविंदा?

पर्जन्यकाळ सुरू झाला म्हणजे परसांत, शेताच्या बांधावर व रस्त्याच्या कडेस जीं असंख्य रोपें उगवतात, त्यांपैकीं फारच थोड्यांचीं नांवें आपणांस सांगतां येतात. "हें कोणतें झाड?" असें मुलानें विचारलें कीं, पानाकडे एक दृष्टि टाकून जवळचें वाटेल तें नांव आपण सांगून मोकळे होतों. बहुतेक वेळां त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु तेंच रोप रानभाजी म्हणून विळीवर चिरलें जातें, किंवा त्याच्या शेंगा मुलांच्या हातीं लागतात, तेव्हां नांवाची चूक ही केवळ अज्ञानाची गोष्ट राहत नाहीं. म्हणून अनोळखी वनस्पति ओळखावी कशी, याचा विचार एका उदाहरणाच्या साह्यानें करावा असें आम्हीं या महिन्यांत योजिलें आहे.

टाकळ्याची कोंवळी भाजी कोंकणांत घरोघरीं परिचित आहे. त्याच टाकळ्याच्या शेजारीं, पडक्या जागीं व उकिरड्यापाशीं, त्याचा एक भाऊबंद वाढतो, तो कासविंदा. दोघांसही उग्र वास, दोघांचीं पानें रात्रीं मिटणारीं, दोघांचीं फुलें पिवळीं. वैद्यकांत कासविंद्यास कासमर्द या नांवानें मान आहे. परंतु त्याच्या बिया कच्च्या खाल्ल्यास घातक ठरतात. पश्चिम उत्तर प्रदेशांत पावसाळा संपून थंडी पडूं लागण्याच्या सुमारास वर्षानुवर्षें लहान मुलें एकाएकीं बेशुद्ध होत, व त्यांतील पुष्कळ थोड्याच दिवसांत दगावत. मेंदूचा सांथीचा ताप असावा असा समज होता. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन व त्यांचे सहकारी यांनीं शोध करून २००७ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, कासविंद्याच्या शेंगा पोटांत जाणें हेंच या दुखण्याचें संभवनीय कारण होय. त्यांत यकृत, स्नायु व मेंदु या तिन्हींवर आघात होतो. हीं दोन झाडें वेगळीं ओळखतां येणें किती अगत्याचें आहे, हें यावरून ध्यानीं येईल.

प्रथम पानाकडे पाहूं. येथेंच बहुतेकांची फसगत होते. कारण ज्यास आपण एक पान समजतों, तो पुष्कळदां पानाचा केवळ एक भाग असतो. त्यास पर्णिका म्हणतात. खूण सोपी आहे. देठ जेथें फांदीस मिळतो तेथील बेचक्यांत बारीक डोळा असला म्हणजे तें सबंध पान. नसला तर ती पर्णिका. टाकळ्याच्या पानास सामान्यतः पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका बुडाशीं निमुळती व शेंड्याकडे रुंद, गोलसर. कासविंद्यास बहुधा चार-पांच जोड्या असून प्रत्येक पर्णिका भाल्याच्या पात्यासारखी टोंकदार असते. शिवाय पानाच्या दांड्यावर एक लहानशी ग्रंथि सांपडते. टाकळ्यांत ती खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्यें, तर कासविंद्यांत देठाच्या मुळाशीं. मात्र एकाच पानावरून निर्णय करूं नये. दहा-बारा पानें मोजून पाहावींत; कोंवळ्या रोपाचीं पहिलीं पानें पुष्कळदां अपुरीं असतात.

फुलाची साक्ष निराळ्या प्रकारची. पांच पिवळ्या, किंचित् असमान पाकळ्या, व दहा पुंकेसर, परंतु त्यांतील कांहीं वांझ: ही रचना दोघांतही आढळते. म्हणजे फूल गोत्र सांगतें, व्यक्तीचें नांव सांगत नाहीं. लिनियसनें १७५३ सालीं या दोघांस कॅसिया या एकाच वंशांत घातलें. पुढें १९८२ सालीं अर्विन व बार्नेबी यांनीं त्या मोठ्या वंशाची फोड केली, तेव्हां दोघेही बरोबरच सेन्ना वंशांत गेले. जुन्या व नव्या ग्रंथांत हीं दोन निरनिराळीं नांवें दिसलीं तरी वाचकांनीं गोंधळून जाऊं नये.

शेंग मात्र नांव निश्चित सांगते. टाकळ्याची शेंग लांब, बारीक व विळ्यासारखी वांकलेली. आंतील बिया चकचकीत, शंकरपाळ्याच्या आकाराच्या. कासविंद्याची शेंग चपटी. वाळली म्हणजे मध्यें तपकिरी व दोन्ही कडांस फिकट पट्टा, आणि बियाही चपट्या.

अडचण अशी कीं, भाजी खुडतात आषाढांत, आणि फुलें व शेंगा येतात भाद्रपद-आश्विनांत! यास उपाय एकच. ज्या रोपाविषयीं संशय असेल तें यंदां खुडूं नये; जागा ध्यानांत ठेवून शेंगा येईपर्यंत तेथें फेरी घालावी. एकदां तिन्ही साक्षी जुळल्या म्हणजे पुढील वर्षीं कोंवळें पानही ओळखूं येतें. डोंगरांतून भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या ठाकर व कातकरी बायांचें ज्ञान अशाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचें आहे. भाजी घेतांना त्यांस चार प्रश्न विचारण्यांत आपला कमीपणा नाहीं. हल्लीं मोबाइलवर छायाचित्र दाखवितांच नांव सांगणारीं साधनेंही आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु केवळ त्यांच्या शब्दावर विसंबून भाजी चुलीवर चढवूं नये.

नमुना जपून ठेवावयाचा असल्यास पानें, फुलें व शेंगा असलेली वीतभर फांदी वर्तमानपत्राच्या घडींत दाबून ठेवावी व कागद रोज बदलावा. सोबत स्थळ, तारीख, झाडाची उंची व फुलाचा रंग लिहून ठेवावा, कारण वाळल्यावर रंग उडून जातो. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांतील (१९०१-१९०८) वर्णनाशीं असा नमुना ताडून पाहतां येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील ब्लॅटर हर्बेरियम, तसेंच भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचें १९५५ सालीं पुण्यांत स्थापन झालेलें केंद्र, येथें असे वाळविलेले नमुने मोठ्या संख्येनें जतन केलेले आहेत.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्यांस एक सूचना करावीशी वाटते. रानांतील शेंग वा बी तोंडांत घालूं नये, हें मुलांस पावसाळ्यापूर्वींच समजावून सांगावें. इतकेंही करून एकाद्या मुलानें तसें कांहीं खाल्लेंच, तर घरगुती उपायांत वेळ दवडूं नये. मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें व त्या झाडाची पानाशेंगांसह फांदी बरोबर घ्यावी. डॉक्टरांस ती पाहून झाडाचा निर्णय करणें सुलभ जाईल.