निवेदन : वळ गावात घटस्फोट, पोटगी व कौटुंबिक कायद्याच्या मोफत सल्ल्याची कायम सोय करणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश तथा अध्यक्ष,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, ठाणे

मार्फत : मा. अध्यक्ष, तालुका विधी सेवा समिती, भिवंडी

अर्जदार : मौजे वळ, ता. भिवंडी, जि. ठाणे येथील महिला, गोदाम कामगार व ग्रामस्थ

विषय : वळ येथे दर रविवारी विधी सहाय्य केंद्र सुरू करणे, स्टॅम्पपेपरवरील फारकतीस आळा घालणे व इतर मागण्या.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही खाली सह्या करणारे हे निवेदन सादर करतो.

वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात जिथे भातशेती होती तिथे आज गोदामे आहेत. गावात जुनी आगरी घरे आहेत. चाळींतून भाड्याने राहणारी बाहेरच्या जिल्ह्यांतली आणि उत्तर प्रदेश-बिहारमधली कुटुंबेही आहेत. पॅकिंग, लोडिंग, झाडलोट ही कामे बहुतेक ठेकेदारामार्फत, रोजावर. संसार मोडायची वेळ यांपैकी कोणावरही येते आणि मग विचारायचे कोणाला, हा प्रश्न सगळ्यांना सारखाच पडतो. आज त्याचे उत्तर भाऊबंद देतात, मुकादम देतो, नाहीतर टायपिंगच्या दुकानातला माणूस देतो.

त्या दुकानातून निघालेल्या एका कागदाची झेरॉक्स आमच्यासमोर आहे. दोन्ही पक्षांची नावे आम्ही देत नाही. वर स्टॅम्प, खाली दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का आणि मथळ्यावर ठळक अक्षरांत ‘फारकतनामा’. बाई सातवी शिकलेली आहे, तिला सही येते. तरी घाईघाईत अंगठा घेतला गेला. मुलगा आईकडे राहील असे एका ओळीत आहे, त्याच्या खर्चाबद्दल अवाक्षर नाही. दागिने मिळाले असे लिहिले आहे, ते मिळालेले नाहीत. यापुढे कोणाचा कोणावर हक्क नाही, असे म्हणून कागद संपतो. नवऱ्याने त्यानंतर दुसरे लग्न केले.

हा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. त्या बाईला मात्र कोणीतरी सांगायला हवे होते. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडतो. कलम २९(२) ने रूढीनुसार होणारा काडीमोड शाबूत ठेवला आहे हे खरे, पण जो रूढी सांगतो त्याला ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. स्टॅम्पपेपर विकत घेतल्याने रूढी तयार होत नाही. म्हणजे ही दोघे आजही कायद्याने नवरा-बायको आहेत. त्याचे दुसरे लग्न रद्दबातल आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. उद्या तिने याच कागदाच्या भरवशावर दुसरे घर केले तर तीही त्याच खड्ड्यात पडेल. नोटरींनी विवाहाचे वा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, अशी सूचना केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेली आहे. आमच्याकडे फरक एवढाच पडला की पूर्वी १०० रुपयांच्या स्टॅम्पवर व्हायचे ते आता ५०० च्या स्टॅम्पवर होते.

याच मुलखात घटस्फोटाचा कायदा देशातल्या बहुतेक भागांच्या आधी आला होता. मुंबई प्रांताने १९४७ सालीच हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा त्या प्रांतात होता. एवढ्या वर्षांनंतरही गावात ‘फारकत’ म्हणजे पंचांची बैठक आणि एक कागद असाच समज असेल, तर कायदा वेशीपर्यंत आला आणि आत शिरला नाही असेच म्हणावे लागते.

आमचे मुख्य म्हणणे असे की लोकांना घटस्फोट मिळत नाही यापेक्षा घटस्फोटाशिवाय काय काय मिळू शकते हे कळत नाही, याने अधिक नुकसान होते. पोटगीसाठी आधी घटस्फोट घ्यावा लागतो, असे गावात सर्रास सांगितले जाते. ते साफ खोटे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीचे प्रसिद्ध कलम १२५) लग्न कायम असतानाही पत्नीला स्वतःसाठी आणि मुलांसाठी पोटगी मागता येते. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच म्हणतो. घरातून हाकलून दिले असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्या कारणाने तो नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केले आहे. आमच्या गावात बहुतेक घरे सासऱ्यांच्याच नावावर असतात, तेव्हा हा निकाल इथे घरोघर माहीत असायला हवा. लगेच तोडायचे नसेल तर न्यायिक विभक्ततेचा मार्ग आहे. वेगळे होणे दोघांनाही मान्य असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संमतीचा घटस्फोट आहे. त्यासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. हा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते (अमरदीप सिंग प्रकरण, २०१७). हुकूमनामा होईपर्यंत संमती मागेही घेता येते, हे तर सही करणाऱ्या बाईला कोणी सांगतच नाही.

शेजारच्या मुस्लिम भगिनींची अडचण निराळी नाही. एका दमात दिलेला तीन तलाक २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, एवढे आता बऱ्याच जणींना ठाऊक आहे. पण १९३९ च्या कायद्याखाली स्त्री स्वतः न्यायालयातून विवाहविच्छेद मागू शकते, आणि तलाकनंतरही पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखाली दाद मागू शकते हे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठामपणे सांगितले आहे, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. परप्रांतीय हिंदू कुटुंबातल्या स्त्रीला वाटते, लग्न गावाकडे झाले म्हणजे खटलाही तिकडेच चालणार. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. केवळ हे माहीत नसल्यामुळे बायका गाडीभाड्याचा हिशेब करून गप्प बसतात.

आता उत्पन्नाबद्दल. ठेकेदाराच्या माणसाकडे पगाराची पावती नसते, म्हणून तो न्यायालयात सांगेल तो आकडा. दुसरीकडे जमिनीचे पैसे आले, गोदामाचे भाडे दरमहा येते, पण ते वडिलांच्या किंवा भावाच्या खात्यात. कागदोपत्री नवरा बेकार. घरासमोर गाडी उभी असते आणि पोटगीच्या अर्जात उत्पन्न शून्य असते. रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने (नोव्हेंबर २०२०) दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आहे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले आहे. या प्रतिज्ञापत्रात नेमके काय विचारायचे, सातबारा कुठून काढायचा, भाडेकराराची नोंद कशी शोधायची, हे शिकवणारा माणूस मिळाला तर अर्धे काम होईल. पोटगी मंजूर होऊनही थकते, आणि थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत माहीत नसल्याने हक्काचे पैसे बुडाल्याची उदाहरणे आमच्यात आहेत.

या सगळ्यावर एक खुलासा. प्रत्येक भांडण पोलिसांत न्यावे असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरात मारहाण आहे तिथे तक्रार झालीच पाहिजे. पण नुसते न पटणाऱ्या जोडप्याला पहिला सल्ला फौजदारीचा मिळाला की समेटही जातो आणि सन्मानाने वेगळे होणेही. या निवेदनावर पुरुषांच्याही सह्या आहेत, आणि आई-वडिलांच्या भांडणात मुलाची भेट बंद झालेले बापही त्यांत आहेत.

सबब आमच्या मागण्या :

वळ ग्रामपंचायत कार्यालयात दर रविवारी विधी सहाय्य केंद्र चालवावे. रविवारच का, तर तारखेला जायचे म्हणजे रोजाचा खाडा, आणि दोन-तीन खाडे झाले की ठेकेदार दुसरी बाई लावतो. केंद्रात कौटुंबिक प्रकरणे चालवणाऱ्या महिला वकील आणि प्रशिक्षित विधी स्वयंसेवक असावेत. स्वयंसेवकांत किमान एक जण गावातली आणि एक जण हिंदी-उर्दू बोलणारी असावी. बोलणे आडोशाला व्हावे. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात दहा माणसांसमोर कोणी नवऱ्याबद्दल बोलणार नाही.

ग्रामपंचायत, अंगणवाडी व गोदाम संकुलांच्या प्रवेशद्वारांशी मराठी, हिंदी व उर्दूत फलक लावावेत. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा आणि संरक्षण यांचे अर्ज नेमक्या कोणत्या न्यायालयात द्यायचे. या भागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांचे नाव व दूरध्वनी. विधी सेवा हेल्पलाइन १५१०० आणि महिला हेल्पलाइन १८१. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो ही बाब. आणि पोटगी व घटस्फोटाच्या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे ही बाब, एवढे त्यावर मोठ्या अक्षरांत असावे. कोर्ट फीच्या नावाखाली आमच्याकडून पैसे घेतले गेले आहेत.

भिवंडी तालुक्यातील नोटरींना वरील सूचनेची पुन्हा जाणीव करून द्यावी, आणि ज्यांनी असे कागद केले आहेत त्यांची सद्यस्थिती तपासून देण्यासाठी एक खास शिबिर वळ येथे घ्यावे. ही मागणी आम्हाला सर्वांत निकडीची वाटते, कारण या कागदांवर पुढची लग्ने उभी राहत आहेत.

दावा दाखल होण्यापूर्वीची मध्यस्थी सायंकाळी वा सुटीच्या दिवशी ठेवावी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटाच्या प्रक्रियेतील स्त्रीही बसते. त्याचे अर्ज केंद्रातच भरून घेण्याबाबत तहसील कार्यालयाशी समन्वय करावा. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीतच होते, तेव्हा नोंदणीचा दाखला देतानाच या केंद्राची माहितीपत्रिका हातात द्यावी.

कुटुंब न्यायालयाची मागणी आम्ही या निवेदनात मुद्दाम केलेली नाही. १९८४ च्या कायद्याने दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरासाठी ते सक्तीचे केले आहे, आणि २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या त्याहून कमी होती. बाकी निर्णय शासनाच्या मर्जीवर. वळमध्ये एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक वकील यासाठी मात्र इमारत लागत नाही आणि जनगणनाही लागत नाही.

तरी मा. महोदयांनी वरील मागण्यांचा सहानुभूतीने विचार करून पहिल्या रविवारची तारीख लेखी कळवावी, ही नम्र विनंती. जागा, वीज, पिण्याचे पाणी आणि केंद्राची दवंडी यांची जबाबदारी आम्ही ग्रामस्थ घेतो.

आपले नम्र,
वळ येथील महिला, गोदाम कामगार व ग्रामस्थ
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, ठाणे
मा. तहसीलदार, भिवंडी
मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत वळ