युरोपात तुफान चालणाऱ्या गाड्या अमेरिकेत जाऊन का आपटतात?

साल १९८७. अमेरिकेच्या बाजारात दोन गाड्या एकमेकींसमोर उभ्या होत्या. एक होती जपानच्या होंडाची 'अक्युरा लेजंड', दुसरी ब्रिटनच्या रोव्हरची 'स्टर्लिंग ८२५'. बाहेरून वेगळ्या दिसत असल्या तरी आतून त्या सख्ख्या बहिणी होत्या. होंडा आणि रोव्हरने मिळून त्यांचा सांगाडा तयार केला होता. व्ही-सिक्स इंजिन तर दोघींनाही होंडाचंच होतं. वर स्टर्लिंगला लाकूड आणि लेदरचं खास ब्रिटिश थाटाचं इंटिरियर. कागदावर बघितलं तर पारडं स्टर्लिंगचंच जड.

झालं उलटंच. ग्राहक किती खूश आहेत याचा सर्व्हे जे. डी. पॉवर नावाची अमेरिकन संस्था करते. त्या यादीत अक्युरा पहिल्या नंबरवर गेली आणि स्टर्लिंग तळाला. १९९१ मध्ये रोव्हरने अमेरिकेतून गाशा गुंडाळला.

इंजिन तेच, सांगाडा तोच, मग बिघडलं कुठं? इलेक्ट्रिकल सिस्टीम दगा द्यायची. आतल्या पट्ट्या निघून यायच्या. रंग आणि गंजाच्या तक्रारी होत्याच. म्हणजे फरक डिझाईनमध्ये नव्हता, गाडी जुळवणाऱ्या कारखान्यात होता.

हे एकट्या स्टर्लिंगच्या बाबतीत झालं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण रेनो, फियाट, प्युजो, सिट्रोएन अशी युरोपातली मोठमोठी नावं अमेरिकेत जाऊन हात पोळून आलेली आहेत. काहीजण तर दोन-दोन वेळा. आणि आज हा विषय पुण्या-मुंबईपर्यंत येऊन पोचलाय, कारण जग्वार लँड रोव्हरची मालकी टाटा समूहाकडे आहे. अमेरिकेने २०२५ मध्ये परदेशी गाड्यांवर टॅरिफ वाढवलं तेव्हा त्याचा थेट धक्का टाटांना बसला.

युरोपच्या गाड्या अमेरिकेत नेमक्या कशामुळं आपटतात, ते एकेक करून बघूया.

पहिलं कारण : गाडी पोचली, मेकॅनिक पोचलाच नाही

१९५० च्या दशकात फ्रान्सच्या रेनोने 'डॉफिन' नावाची छोटी गाडी अमेरिकेत नेली. दिसायला गोंडस, किंमत कमी, पेट्रोल कमी पिणारी. लोकांनी ती उचलून धरली. १९५९ या एका वर्षात लाखाच्या आसपास गाड्या खपल्या.

पण डॉफिनचं इंजिन होतं ८४५ सीसीचं. म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षा जेमतेम मोठं. पॅरिसच्या गल्ल्यांसाठी ते पुरेसं होतं. अमेरिकेत मात्र १९५६ च्या कायद्यानंतर हजारो मैलांचे इंटरस्टेट हायवे बांधायला सुरुवात झाली होती. तिथं तासन् तास एकाच वेगात गाडी पळवायची असते. डॉफिनला शून्यावरून ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागायचा. त्यात अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने डॉफिनचा पत्रा खाऊन टाकला.

गाडी बंद पडली की डीलरकडे पार्ट नसायचा. असलाच तर बसवणारा माणूस नसायचा. तेवढ्यात फोर्ड आणि शेवरोलेने स्वतःच्या आटोपशीर गाड्या बाजारात आणल्या. दोन-तीन वर्षांत डॉफिनची विक्री निम्म्याच्याही खाली आली आणि न खपलेल्या गाड्या बंदरांवर पडून राहिल्या.

आता याच काळातली दुसरी युरोपियन गाडी बघा. फोक्सवॅगनची बीटल. तीसुद्धा छोटी, तीसुद्धा हळू, दिसायला तर थेट किड्यासारखी. पण फोक्सवॅगनने डीलर नेमतानाच अट घातली की आधी वर्कशॉप, पार्ट आणि ट्रेनिंग घेतलेले मेकॅनिक, मग गाड्या. डॉफिनला लोक विसरून गेले, बीटल अमेरिकेत घराघरात पोचली.

इटलीच्या फियाटचंही तेच झालं. आपल्याकडं फियाटच्या डिझाईनवर बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली, कारण तिला दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक नाक्यावर होता. अमेरिकेत मात्र फियाट या इंग्रजी अक्षरांचा अर्थ लोकांनी लावला 'फिक्स इट अगेन, टोनी'. म्हणजे 'टोनी, परत दुरुस्त कर रे बाबा'. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाट तिथून बाहेर पडली, पण तो जोक काही गेला नाही.

दुसरं कारण : नियमांची वेगळीच वही

युरोपात आणि जगातल्या बऱ्याच देशांत गाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत ठरलेले नियम चालतात. अमेरिका ते मानत नाही. तिची सुरक्षेची आणि धुराची नियमावली वेगळी. त्यामुळं युरोपात पास झालेली गाडी अमेरिकेत थेट विकता येत नाही. दिवे, बंपर, एअरबॅग, इंजिनची सेटिंग, सगळं बदलून पुन्हा टेस्ट करावं लागतं. लाखो गाड्या विकायच्या असतील तर हा खर्च निघतो. पाच-दहा हजारच विकायच्या असतील तर प्रत्येक गाडी महाग पडते.

सिट्रोएनला याचा सगळ्यात मोठा फटका बसला. तिच्या डीएस मॉडेलचे दिवे स्टिअरिंगसोबत वळायचे. काळाच्या कितीतरी पुढची गोष्ट. अमेरिकेच्या नियमांत मात्र ते बसेना, त्यामुळं तिथल्या गाड्यांना साधे दिवे लावावे लागले. पुढं बंपर जमिनीपासून किती उंचीवर असावा याचा नियम आला. सिट्रोएनचं सस्पेन्शन तर गाडी वर-खाली करणारं. १९७० च्या दशकात कंपनीने अमेरिकेचा नाद सोडला.

फोक्सवॅगनने वेगळा मार्ग निवडला. अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साईडची मर्यादा युरोपपेक्षा कडक होती. डिझेल गाड्या त्यात बसवण्यासाठी कंपनीने सॉफ्टवेअरची चलाखी केली. टेस्टच्या वेळी गाडी कमी धूर सोडायची, रस्त्यावर कितीतरी पट जास्त. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघड झालं. पावणेपाच लाखांच्या आसपास गाड्यांसाठी कंपनीला अमेरिकेत १४.७ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली आणि तिथला डिझेल कारचा धंदाच बसला.

तिसरं कारण : भांडण कोंबडीचं, टॅक्स गाडीवर

१९६० च्या दशकात अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात धडाधड विकली जात होती. आपले शेतकरी वाचवायला युरोपने तिच्यावर कर लावला. अमेरिका चिडली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बदला म्हणून ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के कर लावला. ट्रकवरच्या कराचा नेम होता फोक्सवॅगनच्या पिकअप आणि व्हॅनवर.

बाकीच्या वस्तूंवरचा कर पुढं निघाला, पण ट्रकवरचा राहिला. साठ वर्षं उलटली तरी त्याला 'चिकन टॅक्स' याच नावाने ओळखतात. आणि आज अमेरिकेत सगळ्यात जास्त खपतो तो पिकअप ट्रक. म्हणजे बाजारातल्या सगळ्यात मलईदार भागाचं दार युरोपसाठी जवळपास बंदच.

कर नसला तरी डॉलर खेळ करतो. १९८५ मध्ये फोर्डने आपली जर्मनीत बनणारी गाडी 'मर्कुर' या नव्या नावाने अमेरिकेत आणली. तेव्हा एका डॉलरला तीन जर्मन मार्क मिळायचे. १९८७ संपेपर्यंत मिळायला लागले दीड-पावणेदोन. गाडी तीच, कारखाना तोच, पण डॉलरमधली किंमत चढत गेली. त्यात ती विकायला ठेवली लिंकन-मर्क्युरीच्या शोरूममध्ये, जिथं येणारं गिऱ्हाईक ऐसपैस, मऊ गाड्या शोधणारं वयस्कर मंडळी. त्यांना वेगवान जर्मन हॅचबॅक काय करायची होती? १९८९ मध्ये मर्कुर बंद झाली.

चौथं कारण : पेट्रोल महागलं की आठवण, स्वस्त झालं की विसर

अमेरिकेत पेट्रोलवर कर कमी आहे, त्यामुळं ते युरोपपेक्षा स्वस्त मिळतं. रस्ते रुंद, पार्किंग भरपूर, अंतरं लांब. अशा ठिकाणी छोटी गाडी ही आवड नसते, अडचणीतली सोय असते.

१९७९ च्या तेलसंकटाच्या काळात रेनोने अमेरिकेत पुन्हा जोर लावला. यावेळी तिने जीप बनवणाऱ्या अमेरिकन मोटर्स या कंपनीत पैसा घातला आणि विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावात 'अलायन्स' ही छोटी गाडी बनवायला घेतली. १९८३ ची 'कार ऑफ द इयर' म्हणून मोटर ट्रेंड मासिकाने तिचा गौरव केला. पुढं तेल स्वस्त झालं, गाडीच्या तक्रारी वाढल्या, विक्री घसरली. नोव्हेंबर १९८६ मध्ये रेनोचे अध्यक्ष जॉर्ज बेस यांची पॅरिसमध्ये एका अतिरेकी संघटनेने हत्या केली. काही महिन्यांतच रेनोने अमेरिकन मोटर्स क्रायस्लरला विकून टाकली.

याची किंमत केनोशातल्या लोकांनी मोजली. जानेवारी १९८८ मध्ये क्रायस्लरने तिथली गाड्यांची जुळणी बंद करत असल्याचं जाहीर केलं. साडेपाच हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या.

आणि रेनोने नेमकं काय विकलं होतं? जीप. तिथून पुढं अमेरिकेत एसयूव्हीची लाट आली आणि जीप क्रायस्लरची दुभती गाय झाली. आज त्याच जीपची कंपास पुण्याजवळ रांजणगावात बनते. रेनोने जीप आणखी पाच वर्षं सांभाळली असती तर चित्र कदाचित वेगळं दिसलं असतं.

पुढं २००८ मध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं आणि मर्सिडीजच्या घरातली दोन सीटची 'स्मार्ट' अमेरिकेत आली. पहिल्या वर्षी २४ हजारांवर गाड्या खपल्या. २०१० मध्ये आकडा सहा हजारांच्या आत आला. २०११ मध्ये फियाट ५०० परतली. पहिल्या वर्षाचं टार्गेट ५० हजारांचं होतं, खपल्या २० हजारांपेक्षाही कमी. तिच्या इलेक्ट्रिक मॉडेलबद्दल तर कंपनीचे प्रमुख सर्जिओ मार्किओने २०१४ मध्ये जाहीरपणे म्हणाले की लोकांनी ही गाडी घेऊ नये, कारण एका गाडीमागं कंपनीचे १४ हजार डॉलर जातात.

पाचवं कारण : बोर्डावरचं नाव

फोक्सवॅगनने 'फेटन' नावाची आलिशान गाडी बनवली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये काचेच्या भिंतींचा खास कारखाना उभारला. गाडी खरोखर उत्तम होती. पण अमेरिकेत फोक्सवॅगन म्हणजे लोकांच्या डोक्यात बीटल आणि जेट्टा. ६५ हजार डॉलरच्या पुढं मोजणाऱ्या माणसाला मर्सिडीजचा तारा हवा होता. शेजारी जेट्टा सर्व्हिसिंगला लावून आपल्या गाडीची वाट बघत बसणं त्याला मान्य नव्हतं. २००६ मध्ये फेटन अमेरिकेतून बाहेर पडली.

मग ज्या चालतात, त्या कशा चालतात?

ज्यांनी अमेरिकेत कारखाना टाकला आणि अमेरिकेला हवी ती गाडी बनवली, ते टिकले. बीएमडब्ल्यूने १९९४ मध्ये साऊथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला कारखाना सुरू केला आणि तिथं मोठ्या एसयूव्ही बनवल्या. किमतीच्या हिशेबात आज अमेरिकेतून सगळ्यात जास्त गाड्या निर्यात करणारी कंपनी हीच आहे. मर्सिडीजने अलाबामात १९९७ पासून एसयूव्ही बनवायला घेतल्या. फोक्सवॅगनने टेनेसीतल्या चॅटनूगात 'ॲटलस' ही तीन रांगांची भलीमोठी एसयूव्ही खास अमेरिकन कुटुंबासाठी बनवली.

याच फोक्सवॅगनने जर्मनीत बनणारी इलेक्ट्रिक व्हॅन 'आयडी बझ' २०२४ मध्ये अमेरिकेत नेली. जुन्या व्हॅनच्या आठवणीने लोक खूश झाले. पण किंमत ६० हजार डॉलरच्या घरात आणि लांबच्या प्रवासासाठी रेंज कमी. त्यावर टॅरिफ आलं. शेवटी २०२६ चं मॉडेल अमेरिकेत न आणण्याचा निर्णय कंपनीला घ्यावा लागला.

आता टाटांचं काय?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी गाड्यांवर २५ टक्के जादा टॅरिफ लावलं. जग्वार लँड रोव्हरने महिनाभर अमेरिकेला गाड्या पाठवणंच थांबवलं. पुढं ब्रिटनशी करार झाला आणि तिथं बनलेल्या वर्षाला एक लाख गाड्यांपुरता कर १० टक्क्यांवर आला. आधी तो अडीच टक्के होता. कंपनीची 'डिफेंडर' मात्र बनते स्लोव्हाकियात, म्हणजे युरोपियन युनियनमध्ये. तिच्यावर १५ टक्के.

जमेच्या बाजू कंपनीकडं आहेत. रेंज रोव्हर आणि डिफेंडर या अमेरिकेला आवडणाऱ्या मोठ्या एसयूव्ही आहेत आणि नावालाही वजन आहे. म्हणजे चौथं आणि पाचवं कारण तिला लागू होत नाही. पण जग्वार लँड रोव्हरचा अमेरिकेत एकही कारखाना नाही. त्यामुळं डॉलर हलला किंवा व्हाईट हाऊसने नवा आदेश काढला की थेट फटका बसतो. बीएमडब्ल्यूने तीस वर्षांपूर्वी कारखाना टाकून हा धोका बराच कमी केला. टाटांना आता ठरवायचंय की अमेरिकेत कारखान्यासाठी पैसा ओतायचा, की प्रत्येक गाडीमागं १०-१५ टक्के कर भरत राहायचं. आपल्याकडं ज्यांचे टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्सचे शेअर्स आहेत, त्यांचा पैसाही याच निर्णयावर लागलेला आहे.