श्वासाकडे लक्ष आणि दाराकडेही

हल्ली आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत 'माइंडफुलनेस' हा शब्द फार ऐकू येतो. कुणाच्या मोबाइलवर श्वास मोजणारं ॲप आहे, कुणी इगतपुरीला दहा दिवस मौन पाळून विपश्यना करून आलंय, कुणाची परदेशातली सून व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना ध्यान शिकवते. चांगलंच आहे. बीपी, गुडघे आणि मुलांची काळजी यांतून मनाला जरा उसंत मिळते. पण ही विद्या आपल्या शहराला काही नवीन नाही. ती इथे मराठीतूनच शंभर वर्षांपूर्वी येऊन गेली आहे, आणि तेव्हा ती नुसती डोळे मिटून बसण्यापुरती नव्हती.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी 1898 साली मराठीत बुद्धचरित्र लिहिलं. हे पुस्तक बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिलं गेलं, असं खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी नोंदवून ठेवलंय. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी हेच पुस्तक त्यांना भेट दिलं. पुढे सयाजीराव महाराजांकडे त्यांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला तोही गुरुजींनीच. त्याच सुमारास गोव्याचे धर्मानंद कोसंबी बुद्धाचा शोध घेत घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घालून परतले होते. महाराजांनी त्यांना महिना 50 रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहावं. कोसंबींनी कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडून हे पत्करलं. आज पाली ग्रंथांतला बुद्ध आपल्याला सोप्या मराठीत वाचता येतो, त्यात या 50 रुपयांचा मोठा वाटा आहे.

आता याच शहराची दुसरी बाजू. सप्टेंबर 1917. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले आंबेडकर करारानुसार बडोद्यात नोकरीला हजर झाले. राहायला खोली मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना निघावं लागलं. एका हिंदू मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटलं. शेवटी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. तीच आज संकल्पभूमी आहे, आणि दर 23 सप्टेंबरला तिथे लोक गर्दी करतात. आपल्यापैकी कितीजण बागेत रोज सकाळी फेऱ्या मारतात, पण त्या बाजूला कधी वळले आहेत?

काहीजण म्हणतील, ध्यानाच्या गोष्टीत जात कशाला आणता? म्हणून जरा बुद्धाची पद्धतच बघू. तिच्यात श्वासाकडे लक्ष देणं ही फक्त सुरुवात आहे. पुढे सांगितलंय, की मनात राग उठला तर 'हा राग' असं ओळखा, तिरस्कार उठला तर 'हा तिरस्कार' असं ओळखा. म्हणजे सजगतेची खरी परीक्षा उशीवर मांडी घालून होत नाही. ती होते दारात. भाड्याने खोली बघायला एखादा मुलगा येतो, बोलायला नम्र, नोकरी चांगली. आपण पाणी देतो आणि मग सहज विचारतो, "आडनाव काय तुमचं?" उत्तर ऐकून मन क्षणभर आखडतं, आणि तोंडातून निघतं, "घरच्यांना विचारून कळवतो हं." 1917 मध्येही दारं बरीचशी अशीच गोड शब्दांत बंद झाली होती. त्या आखडलेल्या क्षणाकडे बघता आलं, तर ते दहा दिवसांचं मौन सार्थकी लागलं. नाहीतर आपण फक्त शांतपणे भेदभाव करायला शिकलो.

बुद्धाने सांगितलेल्या मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावनांपैकी मला मुदिता सगळ्यात आवडते. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने आपल्यालाही सुख होणं. शेजारच्या मुलीला कॅनडाचा व्हिसा मिळाला, आपल्या नातवाचा अडकलाय, तरी पेढा खाताना तो खरंच गोड लागणं. वाटतं तेवढं सोपं नाही! पण जमलं तर आनंदाचा तुटवडा पडत नाही, कारण मग आपल्याच घरात काही चांगलं घडायची वाट बघत बसावं लागत नाही. आणि ज्याला अनोळखी मुलाच्या पहिल्या नोकरीचा आनंद वाटतो, तो त्याला परत पाठवणार कसा?

आपणही या शहरात मूळचे नव्हेच. कुणाचे पणजोबा सरदारांच्या लवाजम्यात आले, कुणाचे कारकून म्हणून, कुणाचे मास्तर म्हणून. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात त्यांना कुणीतरी पहिली खोली दिली, म्हणून आज आपण 'आमचं बडोदं' म्हणतो. माझ्या मते आपल्या घरातल्या ध्यानाचं माप एवढंच असावं: आपल्या दारातून कुणी नुसत्या नावामुळे परत गेलं का?

या 23 सप्टेंबरला सकाळची फेरी संकल्पभूमीवरून घ्या. नातवंडांना बरोबर न्या. दहा मिनिटं बसा, श्वासाकडे लक्ष द्या. आणि त्यांनी विचारलं, "आजोबा, ते इथे का बसले होते?" तर उत्तर पूर्ण द्या.