साधे घर, श्रीमंत गाव

दिवाळी अंकांत काही गोष्टी ठरलेल्या असतात. एक वार्षिक भविष्य, एक पाककृतींचे पान, आणि 'अल्प उत्पन्नात सुखाने कसे जगावे' ह्या विषयावरचा एखादा लेख. ह्या लेखाचा कर्ता बहुधा पुरुष असतो. त्यातल्या सूचना मात्र झाडून साऱ्या गृहिणीला असतात. भाजीचे देठ फेकू नका, जुन्या लुगड्याची गोधडी शिवा, शिळ्या भाकरीचा कुस्करा करा. लेखकमहाशय स्वतः काय करणार, हे त्यांनी कधी लिहिल्याचे मला आठवत नाही. मीही परवापरवापर्यंत ह्याच गोतावळ्यातला होतो, हे आधी कबूल करतो आणि मगच वादाला तोंड लावतो.

वाद निघाला तो आमच्या घरात, कन्हानला. आमचे घर तारसा चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. अडीच खोल्या, मागे न्हाणी, पुढे चार माणसे दाटीवाटीने बसतील एवढी ओसरी. नागपूरचे माझे मेहुणे एका रविवारी मोटारीने आले आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाले, "भाऊजी, हे घर आता विकून मोकळे व्हा. मेट्रो येणार म्हणून जागेला भाव आला आहे. पोरगा कमावता आहे, त्याला कर्ज मिळेल. आमच्या बाजूला फ्लॅट घ्या. किती दिवस ह्या धुळीत राहणार?"

मेट्रोचे खोटे नव्हते. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली; त्यातली एक वाट ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीवरून थेट कन्हान नदीपर्यंत आखलेली आहे. तेव्हापासून आमच्या गल्लीत अनोळखी माणसे येऊन घरांकडे वर मान करून पाहू लागली. आमच्या चिरंजीवांनाही मामाचे म्हणणे पटले होते. एकटा मीच काय तो विरोधी पक्ष.

मी पहिले शस्त्र काढले ते गणिताचे. घर विकून आलेली रक्कम घातली तरी वर ४० लाखांचे कर्ज लागणार होते. साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांच्या मुदतीने, त्याचा महिन्याचा हप्ता होतो ३४ हजार ७०० रुपयांच्या घरात. मला महिन्याला २५ हजार पेन्शन मिळते, तेवढ्यात दोन म्हातारी माणसे नीट जगतात. म्हणजे आमच्या सगळ्या जगण्याला जे लागते त्याच्या जवळजवळ दीडपट, नुसत्या छपरासाठी. वीस वर्षांचे हप्ते मिळवून पाहा: ८३ लाखांच्या वर जातात. पोरगा त्या दिवशी पन्नाशीत असेल, आणि इमारतीचा गिलावा उडालेला असेल.

पण हप्ता निदान कागदावर लिहिलेला तरी असतो. दुसरा एक खर्च आहे तो खरेदीखतात कुठेच लिहिलेला नसतो, आणि तो रोज द्यावा लागतो. तो म्हणजे अंतराचा खर्च. मेहुण्यांच्या वसाहतीत दूध आणायचे तर दुचाकी, औषध आणायचे तर दुचाकी, देवळात जायचे तर मोटार. घरातल्या प्रत्येक माणसागणिक एक वाहन, प्रत्येक वाहनाला पेट्रोल, विमा, दुरुस्ती. आणि एवढे सगळे करून शेवटी डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. मग चालण्यासाठी मोटारीत बसून बागेत जायचे!

माझ्या उंबऱ्यावरून मात्र स्टेशन पायी आहे, बाजार पायी आहे, औषधाचे दुकान पायी आहे. कन्हान हे रामटेकच्या फाट्याचे जंक्शन. साध्या गाडीचे किमान भाडे १० रुपये. तेवढ्यात माणूस इतवारीला उतरतो. बाजारात शेतकऱ्याच्या हातची भाजी मिळते, आणि दिवे लागल्यावर तिचा भाव आपोआप उतरतो. थंडी पडली की तुरीच्या शेंगांचे सोले निघतात. सोल्यांची आणि वांग्याची भाजी, वर सांबार, शेजारी जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकर. ह्यापेक्षा वरचे पक्वान्न नागपूरच्या कोणत्या हॉटेलात कितीला मिळते ते मेहुण्यांनी सांगावे. चपलेचा अंगठा तुटला तर चांभारदादा चौकात बसलेले आहेत. नव्या वसाहतीत तुटकी चप्पल फेकावी लागते, कारण शिवणाराच नसतो. जुन्या पेठेत वस्तूला म्हातारपण येऊ देतात. माणसालाही येऊ देतात.

इतके बोलून मी विजयी मुद्रेने माझी जमाखर्चाची वही आणली. सोळा वर्षे मी ती रोज लिहीत आलो आहे. तिच्यातले एक पान मेहुण्यांच्या पुढे धरणार, तोच सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, तुम्ही एवढा हिशेब लिहून राहिले, पण माहे तास कुठं लिहिले त्यात?"

मी म्हटले, "कसले तास?"

"नळाची वाट पाहत पहाटे उठते ते. संध्याकाळी भाव उतरेपर्यंत बाजारात उभी राहते ते. वड्या घालते, गहू निवडते, गोधड्या शिवते ते. आणि ते पाण्याचे कॅन? पाणी गढूळ आलं की माझ्या भिशीच्या पैशातून येतात. तुमच्या वहीत त्यायचं नाव नाही."

मेहुणे मोठ्याने हसले. मी हसलो नाही, कारण मला उत्तर नव्हते. सोळा वर्षे ज्या काटकसरीचा अभिमान बाळगला, तिची निम्मी बाजू मी लिहिलीच नव्हती. जो खर्च बायकोच्या कमरेतून आणि झोपेतून वसूल होतो, तो आम्ही पुरुष बचत म्हणून जमेला धरतो. साध्या राहणीवर व्याख्यान देणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने आधी घरातल्या बाईला विचारावे, की बाई, ही राहणी तुला कितीला पडते?

मेहुण्यांना वाटले, आता भाऊजी हरले. मला तसे वाटत नाही. सौभाग्यवतींनी जी यादी वाचली ती पुन्हा नीट पाहा. काही कामे माझ्या आळसामुळे त्यांच्यावर पडली होती. तो दोष माझा, आणि तो मला सुधारता येण्यासारखा आहे. पण नळ अवेळी येणे, पाणी गढूळ असणे, बाजारात टेकायला दगडही नसणे, हा दोष आमच्या अडीच खोल्यांचा नाही. तो घराबाहेरचा आहे. आणि माझ्या वादाचा गाभा इथेच आहे.

आमच्या नदीचेच घ्या. छिंदवाड्याकडच्या सातपुड्यात उगम पावून कन्हान खाली येते. बिना संगमावर तिला पेंच आणि कोलार भेटतात. ह्या नदीचे पाणी नागपूर शहर पिते. पुढे तेच नागपूर आपले सांडपाणी नागनदीत सोडते, आणि नागनदी पिवळी नदीला पोटात घेऊन खाली कन्हानलाच जाऊन मिळते. वर घ्यायचे स्वच्छ, खाली परत करायचे मैले, असा हा शहराचा व्यवहार. २०२२ च्या पावसाळ्यात एका वीजकेंद्राच्या राखेचा बांध फुटला आणि राख कोलारच्या पात्रातून कन्हानमध्ये उतरली, तेव्हा नागपूरच्या पाणीपुरवठ्याचीही तारांबळ उडाली. अशा नदीच्या काठी राहून मी घरात कितीही काटकसर केली, कितीही देठ शिजवले, तरी पाण्याचा कॅन चुकणार नाही.

सार्वजनिक वस्तू बिघडली की तिची किंमत प्रत्येक घराला वेगवेगळी आणि पुन्हा पुन्हा मोजावी लागते. नळ बिघडला की कॅन येतो. पायवाट नसली की तीनशे पावलांसाठी ऑटो येते. नागपूर-जबलपूर रस्त्यावरचे ट्रक चुकवत चालण्याचे वय माझे राहिलेले नाही. शाळा ढिली पडली की शिकवणी येते. वाचनालयाला कुलूप लागले की पोरे चार भिंतींत मोबाइल घेऊन बसतात. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो उगीच नव्हे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही त्याला गावाच्या कपाटाचा हक्क असावा, हीच त्यामागची जाण. श्रीमंताला ह्या बिघाडाचा उपद्रव होतो, पण तो पैसे टाकून सुटतो. बुडतो तो बेताने जगणारा. ज्याचे घर लहान, त्याची खरी इस्टेट घराबाहेर असते.

हे शिकायला आम्हां वऱ्हाडनागपूरच्या माणसांनी दूर जायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी अंगावर चिंध्या आणि डोक्यावर गाडगे ह्यापलीकडे स्वतःसाठी काही ठेवले नाही. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि ज्या गावात जात तिथे आधी खराटा घेऊन रस्ता झाडत. आम्ही त्यांच्या चिंध्यांना नमस्कार केला, खराटा मात्र तिथेच ठेवून आलो. साधेपणा त्यांचा घेतला, पण तो कोणासाठी होता हे विसरलो.

कोणी म्हणेल, असली गावे श्रीमंत देशांतच असतात. म्हणून मुद्दाम मेक्सिकोचे उदाहरण देतो. अमेरिकेतले कित्येक पेन्शनर मेक्सिकोतल्या शहरांत जाऊन राहतात, कारण त्यांचे पेन्शन तिथे सुखाने पुरते. नुसत्या स्वस्त भाजीमुळे ते सुख येत नाही. मेरिदा नावाच्या शहरात दर रविवारी मधल्या चौकालगतचे रस्ते मोटारींना बंद करतात; तिथे बाजार भरतो, वाद्ये वाजतात, म्हातारी माणसे नाचतात. चौकात बाके आहेत तीही दोन माणसांनी समोरासमोर बसून बोलावे अशी वळवलेली. बसायला पैसे पडत नाहीत. पण त्याच देशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राजधानी मेक्सिको सिटीत २०२५ च्या जुलैत लोक रस्त्यावर उतरले, कारण बाहेरून आलेल्या पैसेवाल्यांमुळे मध्यवस्तीतली भाडी चढली आणि मूळच्या रहिवाशांना तिथे राहणे परवडेना. गाव चांगले झाले, आणि ज्यांचे होते त्यांनाच सोडावे लागले.

आमच्या गल्लीत मान वर करून पाहणारी माणसे मला म्हणूनच आवडत नाहीत. मेट्रो यावी, मी तिच्या विरुद्ध नाही. पण ती कन्हानला आणायची ती कोणासाठी, हे गावाने आधी ठरवावे. ज्यांनी चाळीस वर्षे धूळ खाल्ली ते विकून लांब जाणार, आणि नळ, पायवाट, वाचनालय हे सारे नव्या धनिकांच्या आगमनानंतर सुधारणार असेल, तर त्याला मी प्रगती म्हणणार नाही. सुधारणा आधी हवी, आणि आम्ही इथे असताना हवी. त्यासाठी ओरडायचे कोणी? जो घराच्या भिंतींना दर दिवाळीला रंग देतो आणि दारापुढच्या नालीकडे पाठ फिरवतो, त्या मीच, तुम्हीच.

घर विकायचे नाही असे ठरले आहे. निदान चिरंजीवांनी ह्या वर्षापुरता विषय सोडला आहे. सौभाग्यवतींची अट एकच होती, ती मी मान्य केली. आता पहाटे नळाशी मी असतो, आणि संध्याकाळच्या बाजाराची पिशवीही माझ्या खांद्याला असते. वहीत दोन रकाने पाडले आहेत, एक रुपयांचा आणि एक तासांचा. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लवकर भरतो, हे पाहून मी पहिल्याच आठवड्यात वरमलो. पाण्याच्या प्रश्नावर शेजारच्या सात घरांच्या सह्या घेतल्या आहेत, बाकीच्या दिवाळीनंतर घेईन.

मेहुणे हा अंक वाचतील हे मला ठाऊक आहे. त्यांना जाहीर निमंत्रण देतो. भाऊबीजेला बहिणीकडे अवश्य यावे, पण मोटार घरी ठेवून रामटेकच्या गाडीने यावे. तिकीट १० रुपये. स्टेशनवर घ्यायला मी येईन, आणि घरापर्यंत आपण दोघे चालत जाऊ. वाटेत पायवाट जिथे जिथे संपते ती जागा मी त्यांना दाखवीन. मग ओसरीवर बसून वाद पुढे चालवू.