कोर्ट फी नाही? अपील सोडण्याआधी दिवस मोजा

समजा, व्यवहारात अडकलेल्या पैशांसाठी तुमच्या वडिलांनी केलेला दावा जालन्याच्या न्यायालयात फेटाळला गेला. अपील करायचं तर पुन्हा कोर्ट फी आली. रक्कम मोठी तशी फी मोठी. २०१८ मध्ये महाराष्ट्राने तिची कमाल मर्यादा ३ लाखांवरून थेट १० लाखांवर नेली. सोयाबीनचे पैसे कधीच संपलेत, वर तुमच्या कॉलेजचा खर्च. मग घरात ठरतं, 'जाऊ द्या आता.'

थांबा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४४ अशाच माणसासाठी आहे. अपिलाच्या मेमोसोबत अर्ज द्यायचा, की मी 'निर्धन व्यक्ती' आहे, फी न भरता अपील ऐकावं.

इथे पहिली शंका येते. 'आपलं घर आहे, बैल आहेत, आपण कसले निर्धन?' कायदा विचारतो ते वेगळंच: ही फी भरण्याइतकी ऐपत आहे का? ती मोजताना ज्या गोष्टीसाठी भांडण चाललंय, ती धरत नाहीत. जप्तीतून सूट असलेली मालमत्ताही धरत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याचं राहतं घर, पोटापाण्यासाठी लागणारी अवजारं, बैल, बियाणं. मात्र मालमत्तेची यादी किमतीसह आणि खरी द्यायची. अर्ज करण्याआधीच्या दोन महिन्यांत मुद्दाम काही दुसऱ्याच्या नावावर केलं असेल, तर अर्ज फेटाळला जातो.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. गुजरातमधल्या एका अपघातग्रस्त महिलेला सुमारे २ लाख ४१ हजारांची भरपाई मंजूर झाली होती. ती वाढवून मिळावी म्हणून तिने फीमाफी मागितली. पैसे मंजूर झालेत, मग निर्धन कशी, असं म्हणत उच्च न्यायालयाने नकार दिला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मंजूर झालेली रक्कम तिच्या हातात आलेलीच नाही. तिचं अपील फीशिवाय ऐकायला सांगितलं.

आता खरी मेख. मुदत कायद्याप्रमाणे उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, साध्या दिवाणी अपिलाला ९० दिवस मिळतात. निर्धन म्हणून परवानगी मागायची तर फक्त ६०. जिल्हा न्यायालयात दोन्हींना ३०. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला तीन महिने, आणि ज्याला कागद गोळा करायलाच वेळ लागतो त्याला दोन! हा उलटा न्याय संसदेने बदलायला हवा. तोवर ६० हाच आकडा लक्षात ठेवा. नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वगळले जातात. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही.

आणखी एक गैरसमज. ही फी कायमची माफ होत नाही, पुढे ढकलली जाते. जिंकलात तर सरकार ती वसूल करतं, आणि वादाच्या मालमत्तेवर तिचा पहिला बोजा असतो. हरलात तर ती तुमच्याकडूनच मागितली जाते. अर्ज नामंजूर झाला, तरी न्यायालय फी भरायला मुदत देऊ शकतं. त्या मुदतीत भरली, तर ती पहिल्याच दिवशी भरल्यासारखी धरतात.

दुसरी वाट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक मर्यादा ३ लाख आहे. मोफत वकील मिळतोच, शिवाय कोर्ट फीचा खर्चही या मदतीत येतो. कार्यालय जालन्याच्या जिल्हा न्यायालयात आहे, तालुक्याला समित्या आहेत, हेल्पलाइन १५१००.

घरात शिकलेले तुम्ही आहात. निकाल लागला की 'हरलो' म्हणण्याआधी त्यावरची तारीख बघा, आणि त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका.