वही उपाध्यांची, नावे कोणाची?

रामकुंडावर अस्थिविसर्जनाला आलेल्या यजमानाला क्षेत्रोपाध्ये आधी गाव आणि आडनाव विचारतात. मग नामावळीचे बाड उघडते आणि पणजोबांची सही समोर येते; जुनी पाने तर मोडीत. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभर लागू होणारा कायदा 1969 चा. त्याआधीच्या कित्येक घराण्यांचा माग पंचवटीतल्या या वह्यांतच लागतो.

पूर आला की दुतोंड्या मारुती किती बुडाला, हे नाशिककर बघतो. वाड्यांतल्या बाडांची चौकशी कोणी करत नाही. कसर आहेच, शिवाय भावांत वृत्तीची वाटणी झाली की बाडेही फाकतात. तेव्हा डिजिटल प्रती हव्यातच. त्या राहणार कोणाकडे, हा खरा प्रश्न. हरिद्वारच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण गेल्या शतकातच अमेरिकेतल्या युटाहच्या मॉर्मन चर्चशी संलग्न वंशावळ संस्थेने केले. ठेवा वाचला, याचे श्रेय तिचे. पण आपल्याच पूर्वजांची नावे तिच्या अटींवर पाहावी लागतात, याला आपली उदासीनता कारण.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. निव्वळ मेहनतीवर स्वामित्वहक्क मिळत नाही, थोडीतरी सर्जकता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी खटल्यात 2007 मध्ये सांगितले. नामावळीत ती कुठून दाखवणार? युरोपात माहितीसंचाला 1996 पासून स्वतंत्र संरक्षण आहे, आपल्याकडे नाही. विदा संरक्षणाचा 2023 चा कायदा दिवंगतांबाबत जवळपास मूक आहे. म्हणजे ज्याचा स्कॅनर, त्याची मालकी.

2027 च्या सिंहस्थासाठी घाट-रस्त्यांवर खर्च होतो आहे. त्यातला किरकोळ वाटा या कामाला द्यावा, पण करार आधी करावा. मूळ वही आणि तिच्यावरची दक्षिणा उपाध्यांची, प्रत राज्याच्या पुराभिलेखागारात, यजमानाला स्वतःचे पान मोफत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना परवानगीविना मज्जाव. मोबाइलवर नावे दिसली तर यजमान येईल कशाला, ही उपाध्यांची धास्ती खोटी नाही. म्हणूनच कराराच्या बैठकीत पहिली खुर्ची त्यांची असावी.

दुसऱ्याचे पान कोणी पाहावे, हेही तिथेच ठरायला हवे. कुणबी नोंदींसाठी 2023 पासून जुनी दफ्तरे कशी धुंडाळली गेली, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. जात, गाव, नातीगोती लिहिलेले पान उद्या दाखल्यापासून जमिनीच्या दाव्यापर्यंत कुठेही पुढे केले जाईल.