काडी कुणी टाकली?

जानेवारी २०२० मधली गोष्ट. ऑस्ट्रेलिया जळत होता आणि आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी फॉरवर्ड टाकला, "आग लावणारे १८३ जण पकडले!" खाली त्यांची स्वतःची ओळ : "बघा, हवामानबदल वगैरे सगळं थोतांड." परवा एका लग्नात पंगतीला त्यांनी तोच आकडा पुन्हा ऐकवला. म्हणून हे लिहायला बसलो.

आकडा खरा आहे हो, अर्थ खोटा आहे. न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी त्या हंगामात १८३ जणांवर कारवाई केली. त्यातल्या मुद्दाम वणवा लावल्याचा आरोप होता २४ जणांवर. ५३ जणांवर आगबंदी मोडल्याचा, ४७ जणांवर पेटती काडी किंवा सिगारेट टाकल्याचा. आणि त्याच राज्यातली गॉस्पर्स माउंटनची आग, जिने पाच लाख हेक्टरांहून जास्त रान खाल्लं, ती लागली वीज पडून. आता विजेला बेड्या कुठे घालणार?

मामांचंही चुकत नाही म्हणा. आपल्या सह्याद्रीत वणवे बहुतेक माणसंच लावतात, पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून. त्यामुळे वणवा म्हटलं की आपण आधी काडीवाला शोधतो.

पण माझं भांडण त्या प्रश्नाशीच आहे. ठिणगी दरवर्षी पडते. २०१९ साली मात्र ती जिथे पडली ते रान, नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या सर्वात कोरड्या आणि सर्वात उष्ण वर्षात वाळलेलं होतं. त्यात निलगिरीची झाडं. पानांत तेल आणि खोडावर सुटून लोंबणाऱ्या सालीच्या पट्ट्या. त्या पेटतात, वाऱ्यावर चढतात आणि आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात. घरं बहुतेक ज्वाळांनी जळतच नाहीत. पन्हाळीतल्या पाचोळ्यात एक निखारा येऊन पडतो, एवढं पुरतं. चढावर तर आग धावतेच, दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट. हे कुठल्याही फॉरवर्डमध्ये येत नाही.

आता ७ फेब्रुवारी २००९ घ्या, व्हिक्टोरियातला 'ब्लॅक सॅटर्डे'. मेलबर्नमध्ये पारा ४६.४ वर. दिवसभर उत्तरेचा भट्टीसारखा वारा, आणि संध्याकाळी तो नैऋत्येकडून वळला. वारा वळला की आगीची लांबलचक कूस हेच तिचं तोंड होतं, आणि बाजूची, आतापर्यंत वाचलेली गावं तिच्या वाटेत येतात. त्या दिवशी १७३ माणसं गेली. त्यातली ११३ घरात.

त्या दिवशी चर्चिलची आग एका माणसाने लावली होती, त्याला शिक्षाही झाली. ते नाकारत नाही. पण ११९ माणसं मारणारी किलमोर ईस्टची आग विजेची तार तुटून लागली होती. मरिंडिंडीच्या आगीत ४० गेले. तिथे पोलीस दोन वर्षं आगलाव्याला शोधत होते. २०११ मध्ये त्यांनीच सांगितलं, कारण विजेची तारच. दोन वर्षं! तोवर गावातल्या किती जणांकडे लोकांनी संशयाने पाहिलं असेल, कुणास ठाऊक.

मला राग येतो तो याचा. आगलाव्या सापडला की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. वीज कंपनीला, सरकारला, कोळसा विकणाऱ्याला, आणि हो, पंगतीत जिलबी वाढून घेणाऱ्या आपल्यालाही. वेड्या माणसाने केलं, त्याला कोंडलं, झालं. पण तार एरवी कोण बदलणार? घराची पन्हाळ कोण साफ करणार? ४६ अंशांचं काय करणार?

किलमोर ईस्टची ती तार ४३ वर्षांची जुनी होती. खांबाशी ती चुकीची बसली होती आणि सतत हलून हलून झिजत गेली होती. आदल्याच वर्षी एक तपासनीस त्या लाइनीवरून तपासणी करून गेला होता. त्याच्या नजरेतून ते निसटलं.